खरा कस्तूर कोणता?

चिपळूणहून विचारणा आली आहे: 'परसात पालापाचोळा उधळत फिरणाऱ्या नारिंगी डोक्याच्या पक्ष्याला घरी सगळे कस्तूर म्हणतात. पुस्तकात मात्र त्याच नावाखाली काळा-निळा पक्षी दिसला. खरा कस्तूर कोणता? आणि तो रोज यावा म्हणून काय ठेवावं?'

दोन्ही खरे. इंग्रजीतल्या 'थ्रश'सारखं कस्तूर हे एका पक्ष्याचं नाव नाही, ते घराण्याचं आहे. ओळख पटते ती मागच्यापुढच्या विशेषणाने. आंबोली, भीमाशंकरच्या ओढ्यांवर पावसाळी पहाटे माणसासारखी लांबलचक शीळ घालतो तो शीळ कस्तूर. अंग काळसर, कपाळावर आणि खांद्यावर चकचकीत निळा रंग. महाबळेश्वर, माथेरानला भेटणारा काळ्या टोपीचा, पिवळ्या-नारिंगी चोचीचा, तोही कस्तूरच. चोच पाहून त्याला साळुंकी समजू नका, साळुंकीच्या पंखात उडताना पांढरा पट्टा दिसतो. हिवाळ्यात गच्चीच्या कठड्यावर एकटाच बसणारा निळा पाहुणा म्हणजे निळा कस्तूर.

गंमत अशी, की शीळ कस्तूर आणि निळा कस्तूर यांना शास्त्रज्ञांनी आता माशीमार पक्ष्यांच्या कुळात नेलं आहे. म्हणून नाव बदलायची गरज मला वाटत नाही. बोलीतली नावं रूप आणि सवयी पाहून पडतात.

तुमचा परसातला तो नारिंगी डोक्याचा कस्तूर. आपल्याकडच्या पक्ष्याचा गळा पांढरा असतो आणि गालावर डोळ्याखालून उतरणारे दोन गडद पट्टे असतात. ते दिसले की शंका उरत नाही. पाचोळा सातभाईही उचकटतात, पण ते मळकट रंगाचे, टोळीने आणि कलकलाट करत. हा बहुधा एकटा किंवा जोडीने, चोचीने एकेक पान बाजूला भिरकावतो, थबकतो, पुन्हा भिरकावतो.

लेखनाचं म्हणाल तर 'कस्तुर' आणि 'कस्तूर' दोन्ही छापलेलं आढळतं. नियमाने उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, दीर्घ, म्हणून कस्तूर. सामान्यरूपात ऱ्हस्व, म्हणून कस्तुराला, कस्तुराची. फूल-फुलाला तसंच. कस्तुरी मात्र सुगंधी द्रव्य. 'बागेत कस्तुरी आली' असं लिहिलंत तर वाचणारा हरणच शोधेल.

आता बोलावण्याचं. तांदूळ, बाजरी टाकून उपयोग नाही, त्यावर कबुतरं येतील. याला हवेत किडे, गांडुळं, गोगलगायी आणि पिकली फळं. तेव्हा झाडांखालचा एक सावलीचा कोपरा झाडायचाच नाही, तिथे कीटकनाशक मारायचं नाही. जवळ उथळ परळ ठेवा, पाणी दोन-तीन सेंटीमीटर पुरे. रोज बदला, नाहीतर डास होतील. कुंपणाला उंबर उगवला असेल तर तोडू नका. आणि परळ झुडपाला अगदी खेटून नको, मांजर तिथेच दबा धरते.