सेकंडहँड स्विच घेताना

दीड हजारात २४ पोर्टचा नेटवर्क स्विच, म्हणजे कॉम्प्युटर वगैरे लॅन केबलने एकमेकांना जोडणारा डबा, मिळाला की लॉटरी लागली असं वाटतं, पण थांब जरा. आधी मागचा मॉडेल नंबर वाच. ‘सिस्को २९६०’ एवढंच सांगून दुकानदार मोकळा होतो. त्यातल्या २९६०-२४टीटी-एल मध्ये चोवीसही पोर्ट १०/१०० चे, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएस; गिगाबिट (१००० एमबीपीएस) फक्त दोन अपलिंक, म्हणजे राउटरकडे किंवा दुसऱ्या स्विचकडे जाणारे पोर्ट. घरात २०० एमबीपीएसचं फायबर असेल तर त्या चोवीस पोर्टांवर निम्मा स्पीड वायाच. गिगाबिट पोर्टवाला २९६०जी मिळाला तर बघ.

मग वीजबिल. ४० वॉट खाणारा डबा चोवीस तास चालू राहिला की दिवसाला जवळपास एक युनिट. आठ रुपये युनिट धरलं तरी वर्षाला पावणेतीन हजारांच्या वर! आणि पंख्याचा आवाज वेगळाच. मी माझा पहिला स्विच हॉलमध्ये ठेवला होता. दुसऱ्याच रात्री आईने प्लग काढून ठेवला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असशील तर लॅपटॉप, लॅन केबल आणि कन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचच्या सेटिंगमध्ये शिरायची) सोबत ने. दुकानातच पंधरा मिनिटं चालू ठेव, एकेका पोर्टात केबल घालून दिवा लागतो का ते बघ. स्विचमधला जुना पासवर्ड तिथेच काढून टाक. पंखा घरघरत असेल तर सरळ परत दे.

चार-पाच उपकरणंच जोडायची असतील तर नवा आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घे, त्यात पंखाही नसतो. सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेसाठी व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क करणं) शिकायचं असेल तर मात्र हा जुना १०/१०० वालाही चालेल. अभ्यास झाला की बंद करायचा.