धनगरवाड्यावर सायकलनं जाताय? मग आधी हे वाचा

दसरा झाला की कोल्हापुरातल्या सायकल ग्रुपना सह्याद्रीचे वेध लागतात. रंकाळ्याच्या फेऱ्या आणि जोतिबाचा चढ अंगवळणी पडला की नजर गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडं वळते. अलीकडं बऱ्याच ग्रुपना त्या राइडला मदतीची जोड द्यावीशी वाटते, आणि डोंगरातले धनगरवाडे, म्हणजे म्हशी पाळणाऱ्या धनगरांच्या छोट्या वाड्या, डोळ्यांसमोर येतात. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या वेळी देतो.

आम्ही एका कारखान्यातले पंचवीस जण डिसेंबरात गगनबावड्याकडच्या एका धनगरवाड्यावर माउंटन बाइकनं जाणार आहोत. ब्लँकेटं, दप्तरं आणि फराळाचं वाटप करायचं आहे. तयारी कुठून सुरू करावी? (उद्यमनगर)

सामान घेण्याआधी वाडीवर जाऊन या. दोघं-तिघंच जा, साध्या कपड्यांत, जमलं तर चालत. बॅनर नको, जर्सी नको.

धनगरवाडा बहुतेक वेळा खालच्या एखाद्या गावाच्या ग्रामपंचायतीत मोडतो. त्यामुळं मदत करायला निघालेली माणसं खालच्या गावात चहा पितात, तिथल्याच कुणाला तरी विचारतात आणि यादी करून परततात. आशाताईंना भेटा, शाळेतल्या गुरुजींना भेटा, सदस्यांना भेटा. पण शेवटचा शब्द वरच्या माणसांचा असू द्या. त्यातही बायकांशी बोला. पाणी आणि जळण त्यांच्याच डोक्यावरून येतं.

"तुम्हाला काय पाहिजे?" असं थेट विचारलंत तर "काय नको, तुम्ही आलासा तेच लई झालं" हेच ऐकू येईल. दारात आलेल्या पाहुण्याकडं कुणी मागत नाही. त्यापेक्षा रोजचं विचारा. मार्चमध्ये झरा आटल्यावर पाणी कुठनं आणता? पावसाळ्यात कोण आजारी पडलं तर खाली कसं नेता? पोरं चौथीनंतर कुठं जातात? तासभर बसलात की गरज आपोआप पुढं येते, आणि ती ब्लँकेटाची असेलच असं नाही. हिवाळ्यात गाडीरस्त्याजवळच्या वाड्यांवर एकामागून एक ग्रुप ब्लँकेटं घेऊन येतात. दीड तास आत चालावं लागणाऱ्या वाडीवर कुणीच जात नाही. २०१९ च्या महापुरात आपण हेच पाहिलं. हमरस्त्यालगतच्या गावांत बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्यांचे ढीग लागले आणि आतली गावं वाट पाहत राहिली. मदत घेणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला त्या वेळी कळलं. देताना ते विसरू नये.

आता पंचवीस जणांचं. दहा-बारा घरांच्या वाडीत पंचवीस सायकली म्हणजे जत्राच. वर आठ-दहा जणांनीच जावं. बाकीच्यांची राइड गगनबावड्यापर्यंत ठेवा; बालिंगा, कळे, साळवण करत जाणारा तो साधारण ५५ किलोमीटरचा रस्ता स्वतःच एक चांगला दिवस देतो. फक्त डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. त्यामुळं अंधारात निघू नका आणि अंधार पडायच्या आत परत या. दिवा दिवसाही चालू ठेवा.

वेळही वाडीच्या सोयीची हवी. पहाटे धारा काढायच्या असतात, मग कुणीतरी दुधाच्या किटल्या घेऊन खाली उतरतं, मग म्हशी रानात जातात. आपण अकरा वाजता घामाघूम होऊन पोचतो तेव्हा वाडीत म्हातारी माणसं आणि लहान पोरं एवढीच असतात. "सगळ्यांना बोलवा, फोटो काढायचाय" म्हणून रानातून माणसं परत बोलावणं हा त्यांच्या दिवसाचा खोळंबा आहे.

माझ्याकडं गिअरची हायब्रिड सायकल आहे. त्यावर जमेल का? सामान सायकलवर न्यावं का? (कळंबा)

डांबरी रस्ता संपेपर्यंत जमेल. पुढं जांभ्याचे सुटे दगड, मुळं आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात. तिथं दोन इंचांच्या पुढचे टायर आणि डिस्क ब्रेक असलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, हवी. मित्राची मागून घ्या, पण तिच्यावर आधी दोन-तीन रविवार काढा. पन्हाळ्याचा चढ आणि मसाई पठाराकडचा कच्चा रस्ता ही चांगली परीक्षा आहे.

टायरमध्ये हवा ठासून भरू नका. ट्यूबचे टायर आणि सत्तर किलोच्या आसपासचा माणूस असेल तर कच्च्या रस्त्यावर हवेचा दाब ३० पीएसआयच्या (पंपावरच्या मापाच्या) आसपास ठेवा. दगडावर पकड मिळते आणि मनगटं वाचतात. फार उतरवलीत तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होईल. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वेग येऊ द्या, दाबा, सोडा. सतत घासणारी डिस्क तापते आणि नेमक्या वळणावर ब्रेक ढिला पडतो. गाडी थांबवल्यावर डिस्कला बोट लावून पाहायची उत्सुकता आवरा, चटका बसतो.

पंक्चर किट, पंप, जास्तीची ट्यूब, चेन जोडायची लिंक एवढं सगळेच घेतात. विसरतो तो मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा, हँगर. दगडावर सायकल आडवी पडली की हा छोटा तुकडा वाकतो, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. स्वतःच्या सायकलचा एक हँगर खिशात ठेवा. मिळाला नाही तर चेन तोडून एकाच गिअरवर कसं यायचं हे दुकानातल्या मेकॅनिककडून शिकून घ्या.

वाटपाचं सामान सायकलवर अजिबात नको. पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन दगडी उतार उतरणं म्हणजे पुढच्या चाकावरून उडी मारायची तयारी. सामान जीपनं शेवटच्या रस्त्यापर्यंत न्या आणि पुढं सगळ्यांनी मिळून पाठीवरून, चालत. सायकलवर फक्त तीन लिटर पाणी, खाणं आणि औषधाचा डबा.

ग्रुपवर आवाहन करून पैसे गोळा करतोय. माझ्या फोनच्या खात्यावर घेतले तर चालतील का? देणगीदार करसवलतीची पावती मागतात. (राजारामपुरी)

वैयक्तिक खात्यावर घेऊ नका, तुमची नियत कितीही स्वच्छ असली तरी. नोंदणी नसलेल्या मंडळानं लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ (क) खाली धर्मादाय कार्यालयाकडं जावं लागतं. गणेश मंडळं वर्गणीआधी जी परवानगी काढतात, तीच ही. सोपा मार्ग म्हणजे डोंगरी भागात आधीपासून काम करणारी नोंदणीकृत संस्था शोधणं आणि देणगी थेट तिच्या खात्यावर जमा करायला सांगणं.

८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत अशा मान्यताप्राप्त संस्थेच्या पावतीवरच मिळते. दोन हजारांच्या वर रोख दिलेली देणगी तिच्यात धरत नाहीत, वस्तूरूपातली तर मुळीच नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती सवलतच नाही, हे देणगीदारांना आधीच सांगा.

यापेक्षा महत्त्वाचं: राइडचा खर्च आणि वाडीचा पैसा एका पाकिटात ठेवू नका. जीपचं डिझेल, नाश्ता, टी-शर्ट हे सगळं तुमच्या खिशातून. लोकांनी वाडीसाठी दिलेला रुपया वाडीवरच जावा, आणि त्याचा हिशोब ग्रुपवर टाकता तसा वाडीतही वाचून दाखवा. त्यांच्या नावानं किती जमलं हे कळायचा पहिला हक्क त्यांचा आहे.

वस्तू नको तर मग द्यायचं काय? (शिवाजी विद्यापीठातील विद्यार्थी)

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. दोन-तीन कामं सांगतो, ती वाडीशी बोलून पडताळून घ्या.

पहिलं पाण्याचं. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरचा, जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि ते खाली झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. उन्हाळ्याकडं झरा बारीक होतो, त्यात पाचोळा पडतो, गुरं आणि गवे तुडवून चिखल करतात. मग बायका वाटीनं वरवरचं पाणी टिपून हंडा भरतात. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते तिथं उभं राहून पाहा. झऱ्याभोवती दगडी बांध, वर झाकण, आणि उतार अनुकूल असेल तर काळ्या पाइपनं वाडीजवळच्या टाकीत पाणी. पंप नको, वीज नको. हे काम माणसांच्या बळावर होतं, आणि सायकलवाल्यांच्या पायांत बळ असतंच. जागा वनखात्याची असेल तर आधी त्यांची परवानगी हवी. गुरांना प्यायला खाली वेगळी डोणी ठेवायला विसरू नका.

दुसरं म्हशींचं. या घरांचा पैसा म्हशीतून येतो. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायची असते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याकडं लस असते, पण ती २ ते ८ अंशांत थंड ठेवून डोंगरात पोचवायची आणि त्याच दिवशी सगळी जनावरं गोठ्यात धरून ठेवायची, हे जुळवणं अवघड. तुमचा ग्रुप मे महिन्यात डॉक्टरांसोबत बर्फाचा डबा वाहायला, आदल्या दिवशी वाडीवाडीवर निरोप द्यायला गेला, तर शंभर ब्लँकेटांपेक्षा मोठं काम होईल. एक म्हैस मेली तर त्या घराचं वर्ष बुडतं.

तिसरं आजाऱ्याचं. १०८ ची गाडी रस्त्यापर्यंतच येते. त्याच्या वर माणसाला घोंगड्याच्या झोळीत घालून, मधून बांबू ओवून, आळीपाळीनं खांदा देत उतरवतात. बाळंतीण असो की साप चावलेला, वाट तीच. घडीचं मजबूत स्ट्रेचर आणि दोन चांगल्या बॅटऱ्या वाडीवर कायमच्या ठेवता येतात. सापाबद्दल सगळ्यांनी एकच गोष्ट पाठ करावी: चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हलवायचं कमीत कमी आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात लवकरात लवकर.

जुलैत धुक्यात सड्यावरून सायकल चालवायची फार इच्छा आहे. (ताराबाई पार्क)

नको. शेवाळलेल्या जांभ्यावर टायर धरत नाही, धुक्यात कडा दिसत नाही. शिवाय सड्यावर मातीचा थर जेमतेम असतो. पावसाळ्यात त्यातच फुलं आणि गवत उगवतं. टायरची एक चाकोरी पडली की तिच्यातून पाणी धावतं आणि माती घेऊन जातं. ते गवत म्हशींचं आहे. दिवाळीनंतर या, तेही मळलेल्या वाटेनंच.

वाडीतल्या मुलांसाठी चॉकलेटं नेतो आणि त्यांचे फोटो टाकतो. काहींनी आक्षेप घेतला. त्यात काय वाईट? (शिक्षिका, फुलेवाडी)

बाई, तुमच्या वर्गातल्या मुलांना रांगेत उभं करून अनोळखी माणसांनी खाऊ दिला आणि "गरीब मुलं" म्हणून फोटो गावभर फिरवले, तर पालक शाळेत येतील. इथंही तेच माप लावा. आईबापांना विचारल्याशिवाय मुलांचा फोटो नाही, विचारून काढला तरी देणं-घेणं चालू असतानाचा नाही. चॉकलेटांनी दात किडतात आणि दंतवैद्य पन्नास किलोमीटरवर असतो. वेष्टनं वाडीतच राहतात. काही न्यायचंच असेल तर वाचनाची पुस्तकं न्या, गुरुजींकडं द्या, आणि त्यांतलं एक स्वतः बसून मुलांना वाचून दाखवा. तुम्हाला ते आमच्यापेक्षा चांगलं जमेल.

धनगरवाड्यांऐवजी खऱ्या आदिवासी भागात, मेळघाटात किंवा कातकरी वाड्यांवर जावं असं ग्रुपमध्ये काहींचं म्हणणं आहे. (इचलकरंजी)

जरूर जा, पण तिथल्या कामाशी जोडलेल्या माणसांबरोबर. राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून गणल्या जातात. त्यांचे प्रश्न जमिनीचे, स्थलांतराचे, कर्जाचे आहेत, एका राइडमध्ये हात घालण्याजोगे नाहीत. आपल्याकडचे धनगर सरकारी यादीत भटक्या जमातींमध्ये येतात, म्हणून आदिवासी विकास विभागाच्या योजना त्यांना मिळत नाहीत. शिवाय ते आपल्या जिल्ह्यात आहेत. राइड झाल्यावर तुम्ही महिन्याभरानं पुन्हा जाऊ शकता, आणि अशा कामात पुन्हा जाण्यालाच अर्थ आहे.

वाटेत गवे, कुत्री आडवी आली तर काय करावं? (शाहूपुरी)

म्हशींचा कळप दिसला की उतरा, सायकल हातात घ्या आणि गुराख्याला हाक मारा. चकचकीत जर्सी आणि चाकांचा आवाज म्हशींना नवा असतो. बुजल्या तर कड्याकडं पळतात. कुत्री अंगावर आली तर सायकल मध्ये धरून उभे राहा. ती राखणीची आहेत, घरातलं कुणी हाक मारेपर्यंत पुढं सरकू नका. गवा दिसला तर थांबा, घंटी नको, मोबाइल काढून पुढं जाणं नको. त्याला वाट देऊन हळूहळू मागं या. आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा आहे, आणि वाडी हद्दीच्या आत असेल तर तुमच्यामुळं तिथल्या लोकांनाही जाब विचारला जातो.

दुपारचं जेवण वाडीतच घ्यावं का? त्यांच्यावर भार नको वाटतो. (नागाळा पार्क)

घ्यावं, ते आग्रह करणारच. फक्त किती माणसं येणार ते आठवडाभर आधी कळवा आणि तांदूळ, डाळ, तेल आदल्या फेरीत पोचवा, कारण दहा माणसांचा शिधा घरात नसतो. नाचणीची भाकरी, ताक आणि झणझणीत कालवण मिळालं की शहरातलं जेवण आठवणार नाही. "मटण करा" अशी फर्माईश करू नका. पिण्याचं आणि ताटं धुवायचं पाणी कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं. दोघांनी झऱ्यावर जाऊन तेवढे हंडे भरून आणा. जेवणाचे पैसे ठरवून द्या, आणि ते पुढाऱ्याच्या नाही, चुलीपुढं बसलेल्या बाईच्या हातात.