वाचकांचे प्रश्न : दातदुखीपासून दूरचित्रवाणीपर्यंतचे पाठीराखे संत

गेल्या अंकातील एका चौकटीत संत क्लारा या दूरचित्रवाणीच्या पाठीराख्या संत असल्याचा ओझरता उल्लेख होता. एखादा व्यवसाय, आजार किंवा प्रदेश यांच्यासाठी देवाजवळ मध्यस्थी करणारा म्हणून मानलेला संत म्हणजे पाठीराखा संत. त्या उल्लेखावर आलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : संत क्लारा तेराव्या शतकातल्या आणि दूरचित्रवाणी विसाव्या शतकातली. ही जोडी कोणी जुळवली? आणि अशा नेमणुका करण्याचा अधिकार कोणाला असतो? (पुणे)

उत्तर : ही जोडी स्वतः पोप बारावे पायस यांनी जुळवली. असिसीच्या क्लारा (११९४–१२५३) अखेरच्या काळात अंथरुणाला खिळल्या होत्या. १२५२ च्या नाताळच्या रात्री मठातील इतर भगिनी प्रार्थनेला गेल्या आणि क्लारा खोलीत एकट्याच राहिल्या. त्या वेळी गावातील संत फ्रान्सिस यांच्या मंदिरात चाललेली नाताळची उपासना, तटाबाहेरच्या सान दामियानोच्या मठात पडल्या पडल्या त्यांना ऐकू आली आणि डोळ्यांसमोर दिसलीही, अशी कथा आहे. संतपदासाठी झालेल्या चौकशीत त्यांच्या सहचारिणींनी या रात्रीबद्दल साक्ष दिली होती. इटलीत दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण जानेवारी १९५४ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, पोपनी या माध्यमासाठी क्लारा यांची निवड केली. याच पोपनी १९५१ मध्ये दूरसंचाराची जबाबदारी गाब्रिएल या देवदूताकडे सोपवली होती. येशूच्या जन्माचा निरोप मरियेला पोहोचवणाऱ्या देवदूताकडे दूरध्वनी आणि तारखाते जावे, हे ओघानेच आले.

अधिकाराविषयी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. देश, धर्मप्रांत किंवा एखादा व्यवसाय यांच्यासाठी अधिकृत पाठीराखा ठरवण्याचे नियम पोप आठवे उर्बन यांनी १६३० मध्ये घालून दिले आणि रोमने १९७३ मध्ये ते नव्याने लिहिले. लोकांनी आणि धर्मगुरूंनी निवड करावी, बिशपांनी तिला मान्यता द्यावी आणि रोमने शिक्कामोर्तब करावे, असा हा क्रम आहे. कधी पोप स्वतःहूनही निवड जाहीर करतात आणि त्यात त्यांची आवडनिवड डोकावते. गिर्यारोहकांचे पाठीराखे म्हणून मांताँचे संत बर्नार्ड यांना १९२३ मध्ये नेमणारे पोप अकरावे पायस तरुणपणी स्वतः आल्प्सची शिखरे चढलेले होते. मात्र ज्या नेमणुका ऐकून आपल्याला हसू फुटते, त्यांतल्या बहुतेक या वाटेने आलेल्याच नाहीत. त्या लोकांनी केल्या, शतकानुशतके चालवल्या, आणि रोमने त्यांच्याकडे बहुधा काणाडोळा केला.

प्रश्न : मी दंतवैद्य आहे. आमच्या व्यवसायाच्या संत अपोलोनिया यांच्या चित्रात त्यांच्या हाती पक्कड का असते? त्या दात काढत असत काय? (नाशिक)

उत्तर : नाही, त्यांचेच दात गेले होते. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोकांविरुद्ध दंगल उसळली. तेथील बिशप डायोनिशियस यांनी तिचे वर्णन एका पत्रात केले असून इतिहासकार युसेबियस यांच्यामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचले आहे. जमावाने अपोलोनिया यांच्या जबड्यावर प्रहार करून सर्व दात पाडले आणि धर्म न सोडल्यास जिवंत जाळण्याची धमकी दिली, तेव्हा त्यांनी स्वतःच आगीत उडी घेतली, असे त्यात लिहिले आहे. पत्रात पकडीचा उल्लेख नाही, आणि अपोलोनिया वयस्क असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढच्या चित्रकारांनी मात्र त्यांना तरुण केले आणि हाती दात धरलेली पक्कड दिली. कोणत्या संताचे चित्र आहे, हे निरक्षर भाविकाला एका दृष्टिक्षेपात कळावे यासाठी अशी खूण लागत असे. दातदुखीने बेजार झालेल्या माणसाने ती पक्कड ओळखली आणि आपले गाऱ्हाणे कोठे न्यायचे ते ठरवले. आपल्या व्यवसायाने पुढे केले ते एवढेच की रुग्णाच्या पाठोपाठ वैद्यही त्याच चित्रापुढे उभा राहिला.

पाठीराखेपण ठरवण्यात चित्रकारांचा वाटा किती मोठा आहे, हे येथे लक्षात येते. तो नेहमीच अचूक अर्थ लावण्यातून आला असेही नाही. सिसिलीतील कातानियाच्या संत आगाथा यांचे स्तन कापले गेले, म्हणून चित्रांत त्या ते तबकात घेऊन उभ्या असतात. दुरून पाहणाऱ्यांना त्या घंटा वाटल्या आणि घंटा ओतणाऱ्या कारागिरांनी आगाथा यांना आपले मानले, अशी उपपत्ती दिली जाते. कोणाला ते पाव वाटले आणि त्यांच्या सणाला, ५ फेब्रुवारीला, पाव आशीर्वादित करण्याची प्रथा पडली. खलाशांचे संत एरास्मस यांच्या हाती दोर गुंडाळण्याचा जहाजावरचा रहाट असे. समुद्र न पाहिलेल्या लोकांनी त्याला गुंडाळलेल्या दोराची आतडी केली, या रहाटाने त्यांची आतडी ओढून काढली अशी कथा रचली, आणि एरास्मस पोटदुखीचेही पाठीराखे झाले.

आचाऱ्यांचे संत लॉरेन्स यांची गोष्ट याहून नाजूक आहे. रोमचे हे डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे धर्मसेवक) इ. स. २५८ मध्ये हुतात्मा झाले. ‘ही बाजू भाजून झाली, आता मला उलटा’, असे ते तापलेल्या जाळीवरून म्हणाले, ही कथा चौथ्या शतकात संत अँब्रोज यांनी सांगितली आहे. त्यामुळे त्यांच्याकडे आचारी आणि विनोदवीर असे दोन्ही वर्ग आले. परंतु सम्राट व्हॅलेरियनचा हुकूम धर्माधिकाऱ्यांना ताबडतोब ठार करण्याचा होता, म्हणून त्यांचा शिरच्छेदच झाला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. लॅटिनमध्ये ‘पासुस एस्त’ म्हणजे ‘त्याने यातना सोसल्या’ आणि ‘आसुस एस्त’ म्हणजे ‘तो भाजला गेला’. नक्कल करणाऱ्या कोणा लेखनिकाकडून पहिले अक्षर गळाले असावे, अशी शक्यताही मांडली गेली आहे. ती खरी असेल, तर जगभरच्या स्वयंपाकघरांना हा पाठीराखा मुद्रितशोधनाच्या एका चुकीतून मिळाला.

प्रश्न : पॅरिसच्या टॅक्सीचालकांचा आणि कॉफीच्या दुकानांचाही संत असतो म्हणे. यात काही तर्क आहे का? (ठाणे)

उत्तर : टॅक्सीचालकांच्या बाबतीत आहे, पण तो पत्त्याचा तर्क आहे. संत फियाक्र हे सातव्या शतकातील आयरिश तपस्वी. फ्रान्समध्ये मो शहराजवळ झोपडी बांधून त्यांनी बाग फुलवली, म्हणून ते माळ्यांचे संत झाले. पुढे सतराव्या शतकात पॅरिसमध्ये भाड्याच्या घोडागाड्या ज्या वाड्यापासून मिळू लागल्या, त्याच्या पाटीवर संत फियाक्र यांचे नाव होते. लोक गाडीलाच ‘फियाक्र’ म्हणू लागले, गाडीवानांनी संतालाही आपले म्हटले, आणि घोडे जाऊन मोटारी आल्या तेव्हा टॅक्सीचालकांना तो वारसाहक्काने मिळाला.

संत एक्स्पेदितुस यांचे तर सगळे कार्यच नावावर उभे आहे. या नावातच तातडीचा अर्थ असल्याने रखडलेल्या कामांसाठी लोक त्यांच्याकडे जातात आणि ब्राझीलमध्ये त्यांचे भक्त अमाप आहेत. चित्रात त्यांच्या पायाखाली एक कावळा ‘क्रास’ असे ओरडत असतो. लॅटिनमध्ये ‘क्रास’ म्हणजे ‘उद्या’. संतांच्या हातातील क्रुसावर ‘होदिए’, म्हणजे ‘आज’, असे कोरलेले असते. आपला कावळा ‘काव’ म्हणतो आणि पाहुणा येणार असल्याचे सुचवतो, रोमन कावळा मात्र कामाची चालढकल करायला सांगतो. हा श्लेष लॅटिनबाहेर चालत नाही, तरी भक्ती चालते.

कॉफीच्या दुकानांचे संत द्रोगो यांच्याबाबत मात्र तर्काला जागा कमी आहे. मूळचे फ्लँडर्सचे हे यात्रेकरू आजाराने विद्रूप झाले, उत्तर फ्रान्समधील सबूर येथे चर्चच्या भिंतीला लागून बांधलेल्या खोलीत त्यांनी उर्वरित आयुष्य जव आणि पाण्यावर काढले आणि ११८६ मध्ये त्यांचे निधन झाले. युरोपात कॉफीची दुकाने निघाली ती सतराव्या शतकात. मेंढपाळ आणि कुरूप मानले गेलेले लोक यांचे पाठीराखेपण त्यांच्या चरित्रातून सरळ येते आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे.

प्रश्न : परीक्षेपूर्वी कोणत्या संताची प्रार्थना करावी? (एक विद्यार्थिनी, वसई)

उत्तर : कूपर्तिनोचे संत जोसेफ (१६०३–१६६३). लहानपणी ते आ वासून पाहत बसत, म्हणून मुले त्यांना ‘उघडतोंड्या’ म्हणून चिडवीत. अभ्यास त्यांना जमत नसे. बायबलमधील ‘ज्या उदराने तुझा भार वाहिला ते धन्य’ या एकाच वचनावर ते नीट बोलू शकत, आणि डीकनपदाच्या परीक्षेत बिशपांनी नेमके तेच वचन काढले. पुढच्या परीक्षेत पहिल्या काही उमेदवारांनी इतकी चांगली उत्तरे दिली की बिशपांनी उरलेल्या सर्वांना न विचारताच उत्तीर्ण केले आणि त्या उरलेल्यांत जोसेफ होते. प्रार्थनेच्या तंद्रीत ते जमिनीवरून वर उचलले जात, असे सांगणारे साक्षीदार अनेक होते, म्हणून वैमानिकही त्यांना मानतात. मात्र वैमानिकांची अधिकृत पाठीराखी लोरेतोची मरियामाता आहे. तिचे नाझरेथचे घर देवदूतांनी हवेतून इटलीत आणले, या आख्यायिकेवरून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० मध्ये ती निवड केली. आपण अभ्यास केलेला असेल, असे गृहीत धरतो.

प्रश्न : आमच्याकडे विद्येसाठी गणपती, गोवर-कांजिण्यांसाठी शीतळादेवी. आपले संत म्हणजे असेच खातेवाटप नव्हे काय? (सातारा)

उत्तर : बाहेरून पाहता साम्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. शिकवणुकीत मात्र फरक आहे. संत स्वतः काही देत नाही, तो देवाजवळ मध्यस्थी करतो, म्हणूनच त्याच्याकडे ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढेच मागितले जाते. भाविक ही मर्यादा दरवेळी पाळतात असे नाही. पोर्तुगालमध्ये लग्न जुळावे म्हणून मुली संत अँथनींची मूर्ती उलटी टांगून ठेवीत.

लोकांनी मानले आणि ख्रिस्तसभेने साफ नाकारले, असेही एक उदाहरण आहे. तेराव्या शतकात लिओं शहराच्या परिसरात एत्येन द बूर्बों या डोमिनिकन धर्मगुरूंना आढळले की बाया आजारी तान्ही मुले घेऊन संत गिनफोर यांच्या थडग्यावर जातात. चौकशी केल्यावर कळले की गिनफोर हा शिकारी कुत्रा होता. पाळण्याजवळच्या सापाला त्याने मारले, मालकाने त्याचे रक्ताळलेले तोंड पाहिले, मुलाला यानेच खाल्ले असे समजून त्याला ठार केले, आणि मागाहून पाळण्यात मूल सुखरूप सापडले. पंचतंत्रातील ब्राह्मणाच्या घरचे मुंगूस आठवले असेल. गोष्ट तीच आहे, तिने प्रवासात फक्त प्राणी बदलला आहे. धर्मगुरूंनी त्या कुत्र्याची हाडे उकरून जाळली, तरी बाया पुढची कित्येक शतके तेथे जातच राहिल्या.

प्रश्न : इंटरनेटचे पाठीराखे संत इसिदोर की कार्लो आकुतिस? (मुंबई)

उत्तर : अधिकृतपणे अद्याप दोघेही नाहीत. सेव्हिलचे बिशप इसिदोर (निधन ६३६) यांनी त्या काळचे सर्व ज्ञान वीस भागांच्या ग्रंथात विषयवार मांडले, म्हणून संगणकाशी संबंधित लोकांनी त्यांचे नाव पुढे आणले. कार्लो यांनी पवित्र मिस्साशी (चर्चमधील मुख्य उपासनेशी) निगडित चमत्कारांचे संकेतस्थळ तयार केले, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि पोप चौदावे लिओ यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचा देह जीन्स आणि खेळाचे बूट अशा वेशात असिसीत ठेवला आहे. दूरचित्रवाणीच्या क्लाराही त्याच गावच्या.

प्रश्न : गोव्यात आणि वसईत अशा वेगळ्या परंपरा आहेत का? (मडगाव)

उत्तर : हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत अँथनी शिवोलीच्या चर्चमध्ये दोरीला बांधलेला साप घेऊन उभे आहेत. चर्चच्या बांधकामात एक साप अडथळा आणत होता, कामगारांनी संतांच्या मूर्तीच्या हाती दोरी दिली आणि सकाळी साप त्या दोरीत अडकलेला सापडला, अशी तेथील कथा आहे. पोर्तुगीज सैन्यातही अँथनींची भरती झालेली होती. गोव्यात त्यांची मूर्ती कप्तानाचा पगार घ्यायला दरवर्षी मिरवणुकीने खजिन्यात जात असे, अशी आख्यायिका जुने लोक सांगतात.

वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे वसई धर्मप्रांताचे पाठीराखे. जपानी भाषा त्यांना उत्तम येत असल्यामुळे मनिलाहून १५९३ मध्ये जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कन शिष्टमंडळाचे ते दुभाषे झाले आणि जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढे बोलले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर देण्यात आले आणि १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. भाषांतरकारांचे पाठीराखे बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम आहेत. समोरासमोर उभे राहून तोंडी भाषांतर करणाऱ्यांनी वसईच्या या दुभाष्याला आपले म्हटले, तर परवानगीचा प्रश्न येऊ नये. अपोलोनिया यांच्याकडे जाताना कोणत्याही दंतवैद्याने ती मागितली नव्हती.