आपल्या बोलीत बोलणारी परकी मुलगी

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातील एका खेड्यात राहते. वय 22, बी.ए. झाले आहे. दिवसा कापूस वेचते, रात्री पोलीस भरतीचा अभ्यास करते. माझ्याच वयाच्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या एका मुलीचे व्हिडिओ मी रोज पाहते. तिचे नवे घर आणि नितळ चेहरा पाहिला की आपले आयुष्य वाया चालले आहे असे वाटते. तिने सुचवलेली क्रीमही मागवली. ती लावल्यापासून गाल चुरचुरतो. तिला पाहणे बंद करावे का?

उत्तर : सिनेमातील नायिकेचा बंगला पाहून तुम्हाला असे वाटले नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडले, की माणूस स्वतःला जोखताना फार दूरच्याशी नव्हे, तर आपल्यासारख्या दिसणाऱ्याशी तुलना करतो. या मुलीची बोली तुमची आणि तिच्यामागची पऱ्हाटीही तुमच्या शिवारातली वाटावी अशी. म्हणून तिचे यश तुम्हाला स्वतःच्या उणिवेसारखे बोचते. मात्र त्या मिनिटभरामागे किती वेळा चित्रीकरण झाले आणि कोणती वस्तू तिला फुकट मिळाली, हे तुम्हाला दिसत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस, शिफारशीच्याच भाषेत, ठळकपणे जाहीर करावी लागते. तो उल्लेख होता का, हे त्या व्हिडिओत पुन्हा पाहावे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील 143 विद्यार्थ्यांवरील 2018 च्या प्रयोगात, तीन समाजमाध्यमे रोज प्रत्येकी दहा मिनिटेच वापरणाऱ्यांचा एकटेपणा आणि उदासी तीन आठवड्यांत कमी झाली. ती मुले अमेरिकेतली. पण वेळेला बांध घालण्याचा उपाय येथेही करून पाहण्यासारखा आहे. मोबाइलच सोडा, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्यांना, खेड्यातल्या मुलीला भरतीची जाहिरात आणि सरावाचे प्रश्न आणखी कोठे सहज मिळतात, हे बहुधा ठाऊक नसते. त्या एका मुलीचे खाते मात्र महिनाभर बंद ठेवावे आणि वेचणीहून दमून आल्यावर, अंथरुणात पडून, काहीच पाहू नये; थकलेल्या मनाला तुलना अधिक झोंबते.

दोन आठवडे झोप किंवा भूक उडाली, तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर बोलावे. ही सेवा विनामूल्य आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येते. क्रीम आजच थांबवावी. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये स्टेरॉइड हे त्वचेला अपाय करू शकणारे औषध असते, त्यामुळे गाल डॉक्टरांना दाखवावा आणि जाताना डबीही सोबत न्यावी.