'गुंठेवारी'तली वारी कोणती?

प्रश्न थोडक्यात असा: संभाजीनगरचे एक वाचक ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहराच्या पहिल्या जमीनमालकांवर लिहीत आहेत. तिथल्या 'टाउन एकर'ला, म्हणजे शहरातल्या एकेक एकराच्या प्लॉटला, मराठीत 'गुंठेवारी' म्हटलं तर चालेल का, आणि या शब्दातली 'वारी' पंढरीचीच का?

आधी वारीचं बघू. पंढरीशी तिचा काही संबंध नाही. फारसीतला 'वार' हा प्रत्यय आपण 'तपशीलवार'मध्ये वापरतो, त्यालाच ई लागून टक्केवारी, आकडेवारी, रयतवारी झालं. सगळ्यात जवळची बहीण आणेवारी. आणा, आणेवारी; गुंठा, गुंठेवारी. दुष्काळात पिकाची पन्नास पैशांच्या आत आली की नाही म्हणून आपण वाट बघतो तीच ती. (आता सरकारी कागदावर पैसेवारी, पण पारावर अजून आणेवारीच.)

म्हणजे मुळात ही गुंठ्यागुंठ्यानं विकायची रीत. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. तुकडेबंदीमुळे एवढ्याशा तुकड्याचं सरळ खरेदीखत होईना, म्हणून शंभराच्या बाँडवर व्यवहार झाले. आमच्याही घरी असा एक बाँड ट्रंकेत, कॅरीबॅगमध्ये गुंडाळून ठेवलेला आहे. चतुःसीमेत लिहिलंय, 'पूर्वेस रस्ता'. तो रस्ता तेव्हा नव्हता, पुढं पंधरा वर्षंही झाला नाही. अशा वस्त्यांसाठी २००१ साली कायदा आला आणि रीतीचं नाव वस्तीलाच चिकटलं. आता 'ते गुंठेवारीत राहतात' म्हटलं की पत्ता कळतो, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐपतही.

म्हणून अ‍ॅडलेडला हा शब्द लावू नका. तिथलं सगळं राजरोस होतं, फक्त क्रम उलटा. १८३४ च्या ब्रिटिश कायद्यानं दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत ठरली. जमीन विकल्याशिवाय ती उभी राहणार नव्हती. त्यामुळे लंडनमध्ये बसून लोकांनी ४३७ हक्कपत्रं घेतली, तेव्हा शहराची जागासुद्धा ठरली नव्हती. मग १८३७ च्या सुरुवातीला कर्नल विल्यम लाइट यांनी मोजणी करून एकेक एकराचे १०४२ प्लॉट पाडले: टॉरेन्स नदीच्या दक्षिणेला ७००, उत्तरेला ३४२. हक्कपत्रवाल्यांनी आधी निवडून घेतले, उरलेल्यांचा मार्चमध्ये लिलाव झाला. आपल्याकडची जुनी माणसं त्याला हर्रास म्हणतील. त्या हक्कपत्राला 'खरेदीखत' म्हणू नका. चतुःसीमा नाही ते कसलं खरेदीखत? आणि 'विसारपावती'ही नको, पैसे पूर्ण भरलेले होते.

साम्य एकच आहे, पण भारी आहे. गुंठा आणि एकर दोन्ही मापं, दोन्हीकडे मापच जागेचं नाव झालं. आपण 'माझा गुंठा' म्हणतो, तिथं एकराला नंबर पडला. पुढं त्या एकरांचेही मालकांनी तुकडे पाडून मधून बोळ काढले, हे वाचून आपल्या लोकांना नवल वाटायचं नाही.

मी लिहीन, 'एकराचा प्लॉट', आणि नंबर असेल तिथं 'एकर नंबर अमुक'. 'एकरी प्लॉट' मात्र टाळा. एकरी म्हटलं की आपला माणूस लगेच विचारतो, किती क्विंटल?