मुदत संपण्याआधी मालक घर रिकामे करायला सांगत असतील, तर कायद्याने आपली बाजू किती भक्कम आहे?

आपल्या प्रश्नातील तपशील असे आहेत: पुण्यातील फ्लॅट, अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, मुदत संपायला चार महिने शिल्लक, मालकांनी फ्लॅट विकायला काढला आहे, पंधरा दिवसांत जागा सोडली नाही तर वीज बंद करू असे ते म्हणतात, आणि डिपॉझिटमधून रंगकामाचा खर्च कापणार आहेत. मी वकिली करतो आणि घरभाड्याची प्रकरणे नेहमी हाताळतो. आपली बाजू आपल्याला वाटते तितकी भक्कम नाही, पण मालकांना वाटते तितकी दुबळीही नाही.

पुण्या-मुंबईत आज होणारे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे, म्हणजे मालकाच्या परवानगीने राहण्याचे, असतात आणि आपलाही तसाच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कलम 15 आणि 16 यांचे संरक्षण, म्हणजे भाडे वेळेवर भरत राहिल्यास आणि कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध झाल्याशिवाय घर सोडावे न लागणे, हे जुन्या वाड्यांतल्या व चाळींतल्या भाडेकरूंना मिळते, परवानगीने राहणाऱ्याला नाही. आपले नाते भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 52 मधील परवान्याचे आहे. जागेत आपला कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. ठरावीक काळ, ठरावीक मोबदला देऊन तेथे राहण्याची मुभा तेवढी मिळते.

त्यामुळे पहिले काम म्हणजे करार पुन्हा शांतपणे वाचणे. त्यात लॉक-इनची मुदत, म्हणजे ज्या काळात करार मध्येच संपवता येत नाही असा काळ, आहे का, करार मध्येच संपवण्याचा अधिकार कोणाला आहे, किती दिवसांच्या नोटिशीने आहे आणि कोणत्या कारणासाठी आहे, हे पाहावे. काही करारांत दोन्ही बाजूंना महिन्याभराच्या नोटिशीची मुभा असते, तर काहींत मालकाला ती फक्त भाडे थकल्यास किंवा अटींचा भंग झाल्यासच असते. आपल्या करारात दुसऱ्या प्रकारचे कलम असेल आणि भाडे नियमित भरलेले असेल, तर पंधरा दिवसांची तोंडी सूचना ही करारात बसणारी नोटीस नव्हे, असे लेखी उत्तर आपण देऊ शकता. करार नोंदणीकृत असणे येथे उपयोगी पडते. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाचीच असते आणि लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. केवळ नोटरी केलेल्या कागदावर घर देणारे मालक हे का विसरतात, कोण जाणे.

विक्रीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. खरा भाडेकरू असेल तर घर विकले तरी नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि भाडेपट्टा चालू राहतो. सुविधाधिकार अधिनियमाचे कलम 59 याच्या उलट सांगते: ज्याने परवाना दिला त्याने मालमत्ता हस्तांतरित केली, तर घेणारा केवळ त्या परवान्यामुळे बांधला जात नाही. म्हणजे उद्या खरेदीखत झाले तर नव्या मालकाला आपला करार दाखवून चार महिने राहण्याचा हट्ट धरता येईलच असे नाही. तरीही कलम 63 नुसार जागा सोडण्यास व सामान हलवण्यास वाजवी वेळ मिळण्याचा, आणि मोबदला देऊन घेतलेला परवाना आपला दोष नसताना अपुरा राहिल्यास कलम 64 नुसार परवाना देणाऱ्याकडून भरपाई मागण्याचा हक्क आपल्याला आहे. म्हणून माझ्या मते चार महिने लढण्यापेक्षा स्थलांतराचा खर्च, नव्या घराची दलाली आणि पूर्ण डिपॉझिट यांवर लेखी तडजोड करणे शहाणपणाचे ठरेल. विक्रीच्या घाईत असलेला मालक सहसा वाटाघाटीला तयार असतो.

वीज तोडण्याची धमकी सहन करू नका. अत्यावश्यक सेवा बंद करण्यास भाडेकरूच्या बाबतीत भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम 29 स्पष्ट मनाई करते. परवानाधारकाने त्याचा आधार घेतल्यास समोरचा वकील हरकत घेईल, हे खरे. पण वीज ही मूलभूत सुविधा असून तिच्यापासून कोणाला वंचित ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे, आणि कराराच्या आधारे दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागण्याचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. कुलूप बदलणे किंवा सामान बाहेर काढणे असा प्रकार घडल्यास त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी.

डिपॉझिटबाबत एक सापळा आहे. ‘डिपॉझिट मिळाल्याशिवाय जागा सोडणार नाही’ असे म्हणून लोक मुदत संपल्यावरही राहतात. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याकडून मालकाला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. मालक अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही तर अर्जातील म्हणणे आपण मान्य केल्याचे धरले जाते. परिणामी अडकलेल्या डिपॉझिटपेक्षा देणेच वाढण्याची भीती असते. त्याऐवजी मुदतीत किंवा तडजोडीच्या तारखेला ताबा द्यावा आणि रक्कम अडवल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवून तीन वर्षांच्या आत दावा करावा.

रंगकामाचे कलम करारात असेल तर ते आपल्यावर बंधनकारक आहे. नसेल, तर रोजच्या वापराने रंग फिका पडणे म्हणजे नुकसान नव्हे; खिळ्यांनी फुटलेले प्लास्टर किंवा तुटलेले बेसिन ही गोष्ट वेगळी. कपातीचा तपशील आणि बिले लेखी मागा. आपल्या बाजूनेही भाडे, वीजबिल आणि कराराने आपल्यावर असेल तर मेंटेनन्स थकवू नका; मालक बोलत नसले तरी भाडे बँकेतूनच भरत राहा, म्हणजे करारभंगाचे निमित्त त्यांच्या हाती लागणार नाही.

किल्ल्या देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढा, मीटरचे वाचन नोंदवा आणि ताबा मिळाल्याची व डिपॉझिटच्या हिशेबाची पावती दोन साक्षीदारांसमोर मालकांच्या सहीने घ्या. सही द्यायला ते तयार नसतील, तर ताबा देत असल्याची लेखी सूचना पोच-पावतीसह स्पीड पोस्टाने त्यांना आधीच पाठवून ठेवा.