एकाच सहलीत डोंगरातला तंबू, धबधबा आणि गरम पाण्याची कुंडं : महाराष्ट्रात कुठे आणि कधी जावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्याहून स्वतःची गाडी, तीन दिवस, तुम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि साठी ओलांडलेली आई. एक रात्र डोंगरात तंबूत, एक दणदणीत धबधबा आणि गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ. आणि हे सगळं जुलैत, कारण धबधबे तेव्हाच जोरात असतात.

ठिकाण सांगतो, पण आधी जुलै खोडा.

ह्या तिघांचं आपसात पटत नाही. धबधब्याला पाऊस हवा, तंबूला कोरडी जमीन आणि कुंडाला गार हवा. जुलैत पहिल्याची चंगळ आणि बाकी दोघांचे हाल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच कोसळतो. एकदा हौसेने मी जुलैत एका धरणाकाठच्या कॅम्पवर तंबू बुक केला होता. रात्री दोन वाजता उशीच्या खालून पाणी वाहत होतं आणि 'वॉटरप्रूफ आहे सर' म्हणणारा पोरगा स्वतः पत्र्याच्या खोलीत घोरत होता. दुसऱ्या दिवशी कुंडावर गेलो तर नदी फुगून काठावर आलेली आणि कुंडाच्या जागी चहाच्या रंगाचं थंड पाणी. वज्रेश्वरी-अकलोलीकडची तानसा नदीच्या काठावरची कुंडंही भर पावसात अशीच पाण्याखाली जातात.

जानेवारीत उलटं. तंबूत झोप छान लागते, कुंडावर वाफा दिसतात, पण बहुतेक धबधब्यांच्या जागी काळ्या कातळावर ओला पट्टा. आपल्याकडे डोंगरावर बर्फ नाही आणि कातळावर मातीचा थरही पातळ. पडलं ते पाणी भराभर वाहून जातं, मागे शिल्लक फारसं राहत नाही.

म्हणून फट एकच: कोजागिरीपासून दिवाळीपर्यंत. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरायची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर आठवडाभर जाऊ द्या आणि निघा. धबधबा जुलैइतका गर्जत नसतो, पण पांढराशुभ्र असतो आणि मुख्य म्हणजे दिसतो. जुलैत मार्लेश्वरच्या धबधब्याला तिनदा गेलोय, तिन्ही वेळा धुक्यात फक्त आवाज ऐकून परत आलो.

तर ठिकाण रत्नागिरी जिल्ह्यातला संगमेश्वर तालुका. माझं आजोळ देवरुखजवळ, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. पण एकाच तालुक्यात घाट, बारमाही म्हणून नाव असलेला धबधबा आणि गरम पाण्याची तीन ठिकाणं, असं दुसरं मला तरी माहीत नाही. जव्हारचा दाभोसा धबधबा आणि गणेशपुरी-वज्रेश्वरी अशी जोडी मुंबईकरांना जवळ पडते, पण तिथली गर्दी रविवारी नकोशी होते.

पुण्याहून बहुतेक जण पाटण-कुंभार्ली घाट-चिपळूण असे उतरतात. तुम्ही उलटे या. कोल्हापूरच्या बाजूने मलकापूर, मग आंबा घाट उतरून साखरपा, देवरुख, मार्लेश्वर, संगमेश्वर, राजवाडी आणि परतताना चिपळूणवरून कुंभार्ली चढा. कारण साधं आहे. राजवाडीचं कुंड शेवटी यायला हवं. पायऱ्या चढून-उतरून पोटऱ्या दगड झाल्यावर त्या पाण्यात पाय सोडण्याची जी मजा आहे, ती पहिल्याच दिवशी गाडीतून उतरून कुंडात बसण्यात नाही. शिवाय गरम पाण्यातून बाहेर आलं की दोन तास काहीही करावंसं वाटत नाही, चढायचं तर नावच नको.

तंबूचं आता जरा सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच फसतात.

जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. घाटमाथ्याच्या ह्या पट्ट्यात बरीच जमीन वनखात्याची आहे आणि शेजारीच चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. परवानगीशिवाय मुक्काम केलात तर दंड आहेच, वर रात्री उठवून खाली पाठवतात ते वेगळंच. त्यापेक्षा एखाद्या घरगुती निवासवाल्याला गाठा आणि त्याच्या मालकीच्या जागेत तंबू लावा. फोनवर तीन गोष्टी विचारा: जागा तुमची स्वतःची का, संडास किती पावलांवर आणि पाऊस आला तर पक्क्या छपराखाली झोपायला मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला जो 'येत नाही हो पाऊस' असं उत्तर देईल, त्याच्याकडे जाऊ नका.

आम्ही गेलो ते दिवस भातकापणीचे. मला वाटलं होतं, घरासमोरच्या सारवलेल्या खळ्यात तंबू लावू, सपाट जागा, वर चांदणं. घरमालक काकांनी हात हलवला. "खळ्यात भारे हायत. तुमी सड्यावर झोपा. पन चपला झाडल्याबिगर पायात घालू नका." खळं म्हणजे त्यांचं वर्षाचं धान्य, आमच्या हौसेसाठी ते कसं रिकामं होणार?

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. दिसायला अप्रतिम. फुलांचा हंगाम सरलेला असतो, पण गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं. तंबूची पहिली खुंटी मी दगडाने ठोकायला घेतली आणि ती वाकून हातात आली. जांभ्यात खुंट्या जात नाहीत. मग दोऱ्या दगडांना बांधायच्या ठरल्या, म्हणून बांधावरचा एक दगड उचलला, तर खाली तांबडा विंचू, नांगी वर करून. दगड परत जागेवर ठेवला, अगदी अदबीने. तेव्हा काकांच्या चपलांचा अर्थ कळला. ह्या भागात विंचवाइतकंच फुरशालाही जपावं लागतं. लहानसा, मातकट रंगाचा विषारी साप, जांभ्याच्या दगडांत बेमालूम मिसळतो. दगड उचलायचाच तर आधी काठीने कलंडवा, हात घालू नका. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट, मुलीलाही. १०८ क्रमांक आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता आधीच माहीत करून ठेवा. चावलं तर मांत्रिक नको, चिरा देणं नको, सरळ तिथे.

शेवटी दोऱ्या पाण्याने भरलेल्या पाच लिटरच्या कॅनना बांधल्या. चार कॅन, चार कोपरे. ही युक्ती तुम्हीही वापरा, पाणी सकाळी चहाला कामी येतं.

आणि तरीही त्या रात्री आम्ही तंबूत झोपलो नाही. नऊच्या सुमाराला घाटाच्या बाजूने लखलखायला लागलं. परतीचा पाऊस जाता जाता विजा घेऊन येतो आणि उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आमचा तंबू. गडगडाट ऐकू येतो आहे म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते एवढ्या अंतरावर आहे, हा हिशोब सोपा ठेवा. झाडाखाली न थांबता तडक खाली काकांच्या पडवीत आलो. काकूंनी काही न विचारता घोंगड्या टाकल्या. पाऊस दहा मिनिटं पडला असेल. दुसऱ्या रात्री आभाळ स्वच्छ होतं, तंबूत झोपलो आणि पहाटे आतून दवाने भिजलो, कारण थंडीला घाबरून मी तंबूच्या खिडक्या घट्ट बंद केल्या होत्या. आपल्याच श्वासाची वाफ ती. वरची जाळी उघडी ठेवा.

मार्लेश्वर देवरुखहून सतरा-अठरा किलोमीटर, मारळ गावाच्या वर. पायऱ्या पाचशेच्या वर आहेत. तुमच्या आईंना गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांना खाली दुकानांपाशी बसवा, आग्रह करू नका. चढायचंच म्हणाल्या तर सकाळी आठच्या आत सुरुवात करा, ऑक्टोबरचं ऊन कोकणात अंगाला चिकटतं. वर गुहेत शंकराचं स्थान आहे. आत विजेचा दिवा लावत नाहीत, समयांच्या उजेडात दर्शन. कपारींत साप असतात, लोक त्यांना हात जोडतात, त्यांनी कुणाला काही केल्याचं गावात कोणी सांगत नाही. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे आत किंचाळणार नाही. दर मकरसंक्रांतीला इथे मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, मोठी यात्रा भरते. ती पाहायची तर वेगळी सहल करा, तेव्हा तंबूबिंबू विसरा.

समोरच्या कड्यावरून कोसळतो तो धारेश्वर धबधबा. बाव नदीची सुरुवात इथली. वरून तो पुरता दिसतो आणि माझं स्पष्ट मत, तेवढंच पुरे. डोहाकडे उतरणारी पाऊलवाट दिसेल, ओले कपडे घालून वर येणारी पोरंही दिसतील. मुलीला घेऊन जाऊ नका. कातळावर शेवाळ असतं आणि धबधब्याच्या माथ्यावर कुठे पाऊस पडतोय हे खाली उभ्या माणसाला कळत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तिथेही पाणी अचानकच वाढलं होतं. कुठल्याही पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी बसला असाल आणि नितळ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत यायला लागला किंवा आवाज बदलला, तर फोटो राहू दे, सामान राहू दे, वर चढा.

संगमेश्वरात कसब्याचं कर्णेश्वर मंदिर पाहून घ्या, अर्धा तास लागतो. शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या संगमाचा हा परिसर. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना मोगलांनी पकडलं ते इथेच.

मग कुंडं. आरवली, तुरळ आणि राजवाडी. पहिली दोन गावं मुंबई-गोवा महामार्गावर, राजवाडी महामार्ग सोडून थोडं आत. तुरळचं पाणी कडक, साठ अंशांच्या आसपास, थेट अंगावर घेता येत नाही, बादलीत थंड मिसळावं लागतं. माझी पसंती राजवाडीला, कारण तिथे रस्त्याचा आवाज नाही. तरी जिथे जाल तिथे बायकांच्या आंघोळीला आडोसा आहे का, हे पोहोचल्यावर आधी बघा आणि मग कपडे काढा.

लोक विचारतात, खाली ज्वालामुखी आहे का? नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्ह्याचाच, पण तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. खाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात अशी १८ ठिकाणं भूवैज्ञानिकांनी नोंदली आहेत. म्हणजे मार्लेश्वरला डोळ्यांसमोर कोसळतं तेही पावसाचंच आणि राजवाडीला पायाला चटका देतं तेही पावसाचंच. एक आज पडलेलं, दुसरं कधीचं कोण जाणे.

कुंडावर पहाटे सहाला जा. हवा गार असते, वाफ जमिनीलगत तरंगते, कोणी काकू शेवटचा तांब्या ओतून निघालेल्या असतात. सडक्या अंड्यासारखा वास येईल, तो गंधकाचा, पाच मिनिटांत नाकाला सवय होते. आधी पाय, मग कंबर, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. आईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, नुसते पाय सोडून बसल्या तरी चालेल. बाहेर येताना हळू उठायचं, चक्कर येते. कुंडात साबण नाही, शाम्पू नाही, अंग चोळणं बाहेर. मुलीला डोकं बुडवू देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात एक अमीबा वाढू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. दुर्मीळ आहे, पण झाला तर जीवघेणा, केरळात त्याने मृत्यू झाले आहेत. त्वचारोग बरे होतात असं गावोगाव सांगतात. मी एवढंच सांगेन की त्या दिवशी दुपारी भात-आमटी जेवून मी गाडीत मागे असा झोपलो की कुंभार्ली घाट कधी चढलो ते कळलं नाही. अर्थात गाडी दुसरं कोणी चालवत होतं, तुम्हीही ती सोय करून ठेवा.

आणि आईंना चांदीची जोडवी, पैंजण खोलीवरच काढून ठेवायला सांगा. आमच्या मावशीने काढली नाहीत, गंधकाने काळी ठिक्कर पडली आणि देवरुखच्या घरी संध्याकाळभर त्या दंतमंजनाने जोडवी घासत बसल्या होत्या.